डुकराला न आवडणारे पीक

कोणतेही रोप हाती दिले की काकी त्याचे पान तोडत, चावत, थुंकत आणि निकाल देत, “डुकराला आवडंल.”

तुम्हीही विज्ञान शिकला असाल, तर या चाचणीला हसाल. मी हसले होते. कृषी पदवी घेऊन महाडच्या एका संस्थेतर्फे मी आंबेनळी घाटातल्या त्यांच्या वाडीत नुकतीच जाऊ लागले होते. मुलगा मुंबईत, काकी उतारावर एकट्याने नाचणी लावत आणि रानडुकरे ती फस्त करत. म्हणून नाचणीच्या जागी गांजा आला.

“त्याला डुक्कर तोंड लावत नाय,” काकी म्हणत. “माणसं लावतात, तो त्यांचा प्रश्न.”

सरकारकडे दोनच उपाय होते : धाड आणि फुकट रोपे. एका वर्षी स्ट्रॉबेरी वाटली. महाबळेश्वर जवळ आहे, एवढेच त्यामागचे शास्त्र. काकींनी पान चावले. “डुकराला आवडंल. माकडांच्या घरी तर लगीनच!”

मी हळदीचे रोप नेले. पान चावताच त्यांचे तोंड वाकडे झाले. “हां! हे नाय आवडायचं. आण गो बाय बेणं.”

पावसाळ्यात हळद धरली. काकींनी गांजा स्वतःच्या हातांनी उपटला आणि माझ्या फोनवरून कृषी खात्याच्या साहेबांना कळवले. “जाळू नका,” साहेब म्हणाले, “आम्ही येऊन पंचनामा करू.” काकींनी भाताचे भारे रचावेत तसा ढीग बांधावर रचला. “साहेबाला दिसू दे. नायतर म्हणंल, लपवला.”

साहेब आले नाहीत, पोलीस आले. ढीग वजनकाट्यावर चढला तो मुळांसकट, मुळांच्या मातीसकट; वजन जितके जास्त, तितका जामीन अवघड. साहेबांना आमचा फोन आलेला आठवेना. दरवर्षी गाडी आणून माल उचलणाऱ्याचे नावही कोणी विचारले नाही. फोटोत अधिकारी उंच दिसावेत म्हणून काकींना ढिगाशेजारी उकिडवे बसवले.

जीपमध्ये चढताना त्या मला म्हणाल्या, “पानं पिवळी पडली की खणायला ये गो. मी असंन-नसंन.”

काल कुदळ घेऊन गेले. पाने पिवळी पडली आहेत. डुकरांच्या खुरांचे ठसे हळदीच्या बांधापर्यंत येऊन तिथूनच मागे वळले आहेत. काकींना हे सांगायचे आहे. पण जामिनाची तारीख पुन्हा पुढे गेली आहे.