अन्वरीभाभी पाहुण्या होतात

अनसिंगला एसटी स्टँडकडे जाणाऱ्या रस्त्यावर हबीबभाईंचं गाद्या भरायचं दुकान आहे आणि दुकानाच्या मागंच घर. त्या घरात हबीबभाईंची बायको म्हणून आल्यापासून अन्वरीभाभींच्या वाट्याला आल्यागेल्याचं करणं आलं ते आजतागायत. कुणाची गाडी चुकली की मुक्काम हबीबभाईंकडे. गादी भरायला टाकलेलं गिऱ्हाईक गप्पांत रमलं आणि जेवायची वेळ झाली, की आणखी एक ताट. भाभींना याचा कधी कंटाळा आला नाही. पण पाहुण्यांना दारापर्यंत पोचवून आत यावं, तर मोरीतला नळ वाहतोय, उशीच्या अभ्र्यावर केसांच्या मेंदीचा लाल डाग, ठेवणीतल्या कपाचा कान तुटून बशीत पडलेला. कुणी बिचारं दारातून मागं वळून "भाभी, जरा तो कप..." असं चाचरत म्हणालंच, तर भाभी हसून म्हणायच्या, "जाऊ द्या!"

मनात मात्र एक गोष्ट त्यांनी पक्की करून ठेवली होती. आपण कधी कुणाकडे उतरलो, तर मागं आपली खूणसुद्धा राहू द्यायची नाही. अडचण एवढीच, की त्या कधी कुणाकडे उतरल्याच नव्हत्या. माहेर वाशीमचं, सकाळी जावं, संध्याकाळी परत यावं.

यंदा डिसेंबरात पुण्याहून मुलगा अरीब आणि सून अनम सुट्टीवर आले. अरीबनं मोबाइलवरून परस्पर कामरगावजवळच्या संत्र्याच्या बागेतलं एक घर भाड्यानं घेऊन टाकलं. एक रात्र राहायचं, कारंज्याकडची काळविटं पाहायची आणि अम्मीनं कशालाही हात लावायचा नाही, असा बेत होता.

"घर कोनाचं हाय?" भाभींनी विचारलं.

"कोनाचंही असो अम्मी. भाडं भरलं, आता आपलंच."

हे भाभींना काही पटेना. भाडं भरलं म्हणून दुसऱ्याचं अंथरूण आपलं कसं होईल? त्यांनी घरमालकिणीसाठी डबाभर खोबऱ्याच्या वड्या केल्या. पिशवीत स्वतःचे टॉवेल घातले, साबण घातला, वर फरशी पुसायचं फडकंही कोंबलं. ते पाहून अनमनं कपाळाला हात लावला. "अम्मी, आपण राहायला चाललोय की घर रंगवायला?"

घर छान निघालं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढं पडवी आणि चारी बाजूंनी संत्र्याची झाडं. एसटीतून निवृत्त झालेले पंजाबराव आणि त्यांची बायको अंजनाबाई यांनी ते मुलासाठी बांधलं होतं. मुलगा धम्मरत्न नोकरीनं नागपूरचा झाला, तेव्हा रिकामं ठेवण्यापेक्षा काळविटं पाहायला येणाऱ्यांना द्यायला लागले. स्वतः ते विहिरीच्या पलीकडच्या जुन्या घरात राहत.

किल्ली हातात पडायच्या आत भाभींनी वड्यांचा डबा पुढं केला आणि जरा दबकतच विचारलं, "ताई, आमी संगं मटन आनलं हाय. तुमच्या घरात चालते का?"

"कायले नाही चालत, भाभी? आमी बी खातो," अंजनाबाई म्हणाल्या. "फक्त हाडं बागेत टाकू नोका. गावातले सारे कुत्रे गोळा होतात."

भाभींना ही बाई एकदम आवडली. मग त्या घरात त्यांनी असा काही वावर सुरू केला, की जणू फरशी काचेची आहे. अरीबनं बुद्धाच्या तसबिरीशेजारच्या खिळ्याला शर्ट अडकवला, तो त्यांनी काढायला लावला. हबीबभाईंनी सवयीनं पलंगावरची गादी दाबून पाहिली आणि म्हणाले, "कापूस गोळा झाला हिचा. उसवून जरा पिंजला तर..."

"खबरदार!" भाभी म्हणाल्या. "लोकाच्या वस्तूले हात लावाल तर."

दुपारी बाकीचे काळविटं पाहायला गेले. गुडघे दुखतात म्हणून भाभी एकट्याच मागं राहिल्या. आता बसावं, तर बसवेना. केर काढून झाला, ओटा पुसून झाला. मग त्यांना स्वयंपाकघराच्या भिंतीला टांगलेला तवा दिसला. बिडाचा, जाड, हातात घेतला तर मनगट वाकेल असा जड. आणि काळाकुट्ट! आधीच्या पाहुण्यांनी न घासताच टांगून ठेवलेला दिसतोय. भाभींचा जीव हळहळला. केवढी चांगली ती अंजनाताई, आणि लोक असे.

त्यांनी पदर खोचला. अंगणातल्या चुलीतली राख घेतली, पिशवीतली तारेची घासणी काढली आणि तवा घासायला बसल्या. काळं काही केल्या सुटेना, तशा त्या आणखी इरेला पेटल्या. उन्हं कलली तेव्हा तवा राखाडी, कोरा करकरीत झाला होता. भाभींचे खांदे भरून आले होते, पण मन असं हलकं की विचारू नका.

सकाळी अंजनाबाई ज्वारीच्या धिरड्यांचं पीठ कालवूनच आल्या. "माझ्या हातची धिरडी खाल्ल्याबिगर जायचं नाही," असं म्हणत त्यांनी तव्याला हात घातला आणि तशाच थांबल्या. तवा खिडकीतल्या उजेडात धरला.

"हा... याले काय झालं?"

"म्या घासला, ताई!" भाभी खुशीत म्हणाल्या. "मागच्या लोकांनी लई घान करून ठेवला होता."

अंजनाबाईंनी गॅस पेटवला, तेल सोडलं, पीठ ओतलं. धिरडं तव्याला असं चिकटलं, की उलथन्यानं नुसते तुकडे निघाले. मग त्या सावकाश म्हणाल्या, "लग्न झालं त्या साली कारंज्याच्या बाजारातून आनला होता. साबन लावला नाही कधी. तेल पिऊन पिऊन काळा झाला होता तो." एवढं बोलून त्या हसल्या. "जाऊ द्या भाभी."

हे हसणं आणि हे "जाऊ द्या" भाभींइतकं कुणाला ठाऊक असणार? ते म्हणणारी बाई पाठ वळली की वस्तू हातात घेऊन कशी उभी राहते, हेही त्यांना ठाऊक होतं.

तेवढ्यात दारात हबीबभाई उगवले. झाला प्रकार त्यांच्या ध्यानात आला. "आन मले म्हने गादीले हात लावू नोका!" त्यांनी टोला हाणला.

"ताई," भाभी म्हणाल्या, "जाऊ देऊ नोका. पुन्हा मुरवता येते का नाही, ते सांगा."

"येते. पन बसा लागते. तुमाले तर निघायचं हाय."

"गाडी थांबन."

अरीब बॅगा उचलत होता, त्याला भाभींनी खाली ठेवायला लावल्या. अंगणातली चूल पेटली. तवा तापवायचा, तेल लावायचं, धूर निघाला की अर्ध्या कांद्यानं घासायचा, निववायचा आणि पुन्हा तापवायचा. दोघी आळीपाळीनं बसल्या. डोळ्यांतून पाणी, पदराला तेल. मधूनच एक धिरडं टाकून पाहायचं, ते फाटायचंच. फाटलेली धिरडी पडवीतल्या खाटेवर हबीबभाई आणि पंजाबरावांकडे जात होती. दोघं ती लसणाच्या चटणीशी खात होते आणि कापसाचे भाव व एसटीची हालत या दोन्ही गोष्टींवर त्यांचं एकमत होत चाललं होतं.

चुलीपाशी अंजनाबाई आता मोकळ्या झाल्या होत्या. "एकानं पलंगावर इस्त्री केली, चादर जाळली. एकानं संत्र्याची फांदीच मोडून नेली. पन घासून कोनी नाही गेलं बाप्पा, तुमी पयल्याच!"

दोघी खो खो हसल्या. हसू ओसरल्यावर अंजनाबाई म्हणाल्या, "पन विचारायचं ना वो भाभी. मी काय लंकेत राहातो? विहिरीच्या त्या अंगाले तं हावो."

भाभींनी तव्यावरून कांदा फिरवता फिरवता हात थांबवला. "माझ्या घरी आजवर इतके लोक राहून गेले, ताई. कोनी काही विचारलं नाही. आन खरं सांगू का, म्या बी कोनाले काही सांगितलं नाही. मंग विचारायचं असते, हे मले कसं सुचन?"

ऊन डोक्यावर आलं तेव्हा एक धिरडं कडेला जरा फाटून का होईना, पण अख्खं सुटलं. अंजनाबाईंनी ते उलथन्यावर उंच धरलं आणि अनमनं त्याचा फोटो काढला.

निघताना मात्र भाभींनी कहर केला. चादरी घडी करू की धुवायला टाकू? कचरा कुठं? उरलेलं तेल ठेवलं तर चालेल? खिडक्या लावू की उघड्या असू देऊ? प्रत्येक गोष्टीला त्या पडवीत येऊन विचारत होत्या. शेवटी पंजाबराव हात जोडून म्हणाले, "भाभी, आता एकच विचारा, गाडी कोनच्या रस्त्यानं न्यायची!" अंजनाबाईंनी नवऱ्याला दटावलं आणि भाभींच्या पिशवीत मावतील तेवढी संत्री भरली.

जानेवारीत अंजनाबाईंचा फोन आला. मधे धिरडं मस्त सुटतं, कडेला अजून धरतं, असं त्यांनी सांगितलं. भाभींनी आच कमी ठेवायला सांगितली. तव्याविषयी बोलणं तेवढंच झालं. फोन मात्र बराच वेळ चालला, आणि दुकानात आलेलं गिऱ्हाईक त्या दिवशी हबीबभाईंनी स्वतः केलेल्या चहावर परत गेलं.