अकोल्यात बसून घेतलेलं घर

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. मायला तर मुळीच नाही.

वलगावहून डोक्यावर वांग्याची पाटी घेऊन माय चालत अमरावतीला यायची. शेटजींच्या ओट्याची पायरी चढली की आतून कुणीतरी ओरडे, "माळीणबाई, इकून नाई व, मांगून ये!" मी तिचा पदर धरून मागे वळायचो. पण खोटं कशाला बोलू? त्याच मागच्या पडवीत शेटजींनी मला सात वर्षं जेवू घातलं. त्यांच्याच चिठ्ठीवर मी मुंबईला गेलो, बी. ए. झालो. आमच्या घरात अक्षर ओळखणारा मी पहिला.

मी मुंबईत शिकत असतानाच अमेरिकेत लढाई पेटली. कापूस वेचायच्या आधीच दलाल बांधावर येऊन उभे राहू लागले. मायनं वांगी उपटून कपाशी लावली आणि तेजीतच विकून मोकळी झाली; पैसा माझ्याकडे ठेवायला दिला. शेटजी भाव आणखी चढेल म्हणून कापसाच्या गाठी दाबून बसले. लढाई थांबली, भाव कोसळला — कर्जापायी शेटजींचं घर लिलावात निघालं.

आमच्याकडे रीत आहे. बुडालेल्याच्या घरावर ओळखीच्यानं बोली लावायची नाही. त्याच्या भावाला ते थोडक्या पैशांत सोडवू द्यायचं. पाच जणांनी शेटजींसमोर बोली न लावण्याची शपथ म्हणून बेलभंडार उचलला. पाचवा मी.

आणि तरी घर माझं झालं. कसं? अकोल्यात मास्तर होतो. लिलावाच्या दिवशी वर्गात त्रैराशिक शिकवत राहिलो, अमरावतीला माझ्या वतीनं बोली लावायला एक मुखत्यार धाडला. शेटजींचा भाऊ दुसऱ्या हाकेलाच थांबला म्हणे. मी कुठून पाहणार? त्याच्यासमोर उभं राहायची छाती नव्हती माझी.

पुढच्या रविवारी शेटजी भेटले. "अकोल्याचा कोनी हाये म्हनते. आपल्यातल्या कोनी नाई केलं, मास्तर — तेवढं बरं झालं."

मी मान डोलावली. हो, डोलावली!

दोन वर्षांनी त्या 'अकोलेवाल्या'कडून घर विकत घेतलं, असं गावात सांगितलं. शेटजींनी भावाच्या बिऱ्हाडातून नारळ पाठवला. तो मी देवापुढे फोडला, खोबरं वाटलं.

तुम्ही म्हणाल, लाज नाही वाटत? घराची नाही. उद्या पुन्हा निघालं तर पुन्हा घेईन. पण ज्याचं अन्न खाल्लं त्याच्यासमोर बेलभंडार उचलून मोडला, आणि तोही दुसऱ्याच्या तोंडून — ते माझंच. मायवर ढकलत नाही, गरिबीवर तर नाहीच.

घर आमचं आहे. माय पुढल्या दारानं आत जाते.