शिवणीखालची ओळ

थोझामा साबाता हिला दक्षिण आफ्रिकेतल्या लुसिकिसिकी गावात थोझामा म्हणून कुणी हाक मारत नसे. भेले कुळातली लेक, म्हणून सगळ्यांची ती माभेले. बसथांब्यासमोरच्या मोठ्या दुकानात ती चौदा वर्षं फळ्या भरायची. वर चहा-साखर, मध्ये तेल, मीठ, मेणबत्त्या आणि सगळ्यांत खाली मक्याच्या पिठाची पोती. साडेबारा किलोचं पोतं ती कडेवर पोर घ्यावं तसं उचलायची. जिभेची फटकळ, पण एखाद्या म्हातारीला ओझं पेलत नाही असं दिसलं, की हातातलं काम टाकून ती टॅक्सीपर्यंत पोचवून यायची.

त्या वर्षी डोंगरापलीकडच्या वस्त्यांत मका करपून गेला. नोफिकिले माखुलू, म्हणजे नोफिकिले आजी, आयुष्यात पहिल्यांदा पीठ विकत घ्यायला दुकानात आली. सत्तरी ओलांडलेली, डोक्याला काळा रुमाल, हातात काठी. पिवळ्या पोत्यांच्या रांगेपुढे ती बराच वेळ नुसतीच उभी राहिली.

"माभेले, हा मका कुणाच्या बियाचा गं?"

"माखुलू, दुकानातल्या पिठाला कसलं आलंय कुळ?"

रांगेतल्या बायका खो खो हसल्या. आजी हसली नाही.

"पोरीला मागणी आली की आधी कुळ विचारता. आणि रोज पोटात जातं त्याचं विचारायचं नाही होय?"

माभेलेने पोतं उपडं केलं. तळाशी, जिथे दोऱ्याची शिवण घातलेली असते, तिथे पिवळ्यावर पांढरी, मुंगीच्या पायाएवढी अक्षरं होती. अर्धी शिवणीत गेलेली. नखाने दोरा बाजूला सारत तिने ती इंग्रजी ओळ वाचली आणि आजीला त्यांच्या खोसा भाषेत सांगितली.

"यातल्या मक्याचं बी प्रयोगशाळेत बदललेलं असू शकतं."

"असू शकतं? त्यांचं त्यांनाच ठाऊक नाही?"

"ठाऊक असेल की. आपल्याला सांगायचं नसेल."

"मग लिहिलं तरी कशाला?"

"लिहिलं असं म्हणता यावं म्हणून."

आजीने काठी आपटली, पण पोतं घेतलं. घरी नातवंडं होती. ती गेल्यावर माभेलेला स्वतःचीच लाज वाटली. चौदा वर्षं ती पोती उचलत होती, आणि एकदाही तिने एखादं उलटून पाहिलं नव्हतं. घरीही तिच्या ताटात तेच पीठ असायचं, शिजवून आंबट दुधात कालवलेलं.

दुसऱ्या दिवशी तिने किमतीच्या पाटीएवढा एक पुठ्ठा घेतला आणि जाड काळ्या पेनने खोसा भाषेत लिहिलं: 'या पिठाच्या मक्याचं बी प्रयोगशाळेत बदललेलं असू शकतं. पोत्यावर असंच लिहिलंय, तळाशी, शिवणीखाली.' आणि तो फळीला अडकवला.

दुपारपर्यंत पुठ्ठा गायब झाला. तिने दुसरा लावला. तोही गेला. तिसरा लावताना दुकानाचा व्यवस्थापक म्झ्वांदिले समोर येऊन उभा राहिला. तिशीतला, टाय लावणारा, माभेलेच्याच गल्लीत वाढलेला.

"माभेले, पाया पडतो, हे बंद करा. गिऱ्हाईक घाबरतंय."

"मी कुठे म्हटलं विष आहे? पोत्यावर आहे तेवढंच लिहिलं."

"मग पोत्यावर आहेच ना? कशाला परत लिहायचं?"

"तू वाचलं होतंस?"

त्याने टाय सरळ केला.

"मी नव्हतं वाचलं," ती म्हणाली. "म्हणून लिहिते."

आठवड्याने ईस्ट लंडन या किनाऱ्यावरच्या शहरातल्या मुख्य कचेरीतून श्रीमती पीटर्स नावाच्या बाई आल्या. मागच्या खोलीत टेबल, तीन खुर्च्या, पाण्याची बाटली. माभेलेपुढे एक कागद सरकवला गेला. 'मी मालाविषयी चुकीची माहिती पसरवली, त्याबद्दल दिलगीर आहे.' खाली सहीची रेघ.

"सही करा, विषय संपला," पीटर्सबाई म्हणाल्या. आवाज गोड होता.

"चुकीची कुठली?"

"हे बघा, तुम्ही काही शास्त्रज्ञ नाही."

"नाही. मी फळ्या भरते. पण मला वाचता येतं." ती उठली, दुकानात गेली आणि एक पोतं कडेवर घेऊन परत आली. धप्पकन टेबलावर उपडं टाकलं. टेबलभर पीठ उडालं, शेजारी बसलेल्या म्झ्वांदिलेच्या टायवरही. "वाचा बाई. इथे, शिवणीखाली. मोठ्याने."

पीटर्सबाईंनी चष्मा काढला. परत घातला. पोतं खिडकीकडे वळवलं. शेवटी म्झ्वांदिलेने त्यांना मोबाइलचा उजेड दाखवला.

"अक्षरं जरा बारीक आहेत," त्या म्हणाल्या.

"आता चुकीची माहिती कोण पसरवतंय?" माभेलेने विचारलं.

म्झ्वांदिलेने खाली पाहिलं. हसू दाबायला की शरमेने, ते त्यालाच माहीत.

पण अशा खोल्यांत कोण बरोबर आहे यावर निकाल लागत नाही. पीटर्सबाईंनी चष्मा पुसला आणि कागद पुन्हा पुढे केला. "सही नाही, तर दोन आठवडे घरी बसा. बिनपगारी. विचार करा."

"विचार झालाय," माभेले म्हणाली आणि एप्रन खुर्चीच्या पाठीवर टाकून, दुकानाच्या पुढच्या दारानेच बाहेर पडली. कामगारांनी मागच्या दाराने जायचं असा नियम होता.

घरी तिने सगळं सांगितलं. नवरा बरीच वर्षं खाणीत काम करून फुप्फुसं गमावून बसलेला, मोजकंच बोलणारा माणूस. त्याने विचारलं, "सही केली असतीस तर काय झिजलं असतं?"

"तुमच्याकडून असली सही घेतली होती ना खाणवाल्यांनी? तब्येत ठणठणीत आहे म्हणून?"

तो खोकला. मग त्याने स्वतः उठून चहा टाकला.

दुकानात काय चाललंय ते तिला सांगायला बायकाच यायच्या. नोफिकिले माखुलूने चर्चमधल्या बायकांच्या मंडळात सगळी हकिकत सांगितली होती, थोडं तिखटमीठ लावून. महिन्याचं पेन्शन मिळालं त्या दिवशी मंडळाचे लाल ब्लाउज आणि पांढऱ्या टोप्या घातलेल्या वीसेक बायका दुकानात शिरल्या. प्रत्येकीने एकेक पोतं उचललं, गल्ल्यावर नेलं आणि उपडं ठेवलं.

"बाळ, मला दिसत नाही. हे एवढं वाचून दाखव."

गल्ल्यावरच्या पोरीने वाचलं. मागची पुढे झाली. "मलाही दाखव. माझं पोतं वेगळं असेल एखादे वेळी."

रांग रस्त्यापर्यंत गेली. टॅक्सीवाले हॉर्न बडवत होते. म्झ्वांदिले आजीपुढे हात जोडून म्हणाला, "माखुलू, सगळ्या पोत्यांवर एकच लिहिलंय हो."

"मग एकदाच मोठ्याने लिही की, लेकरा."

पुढच्या महिन्यातही तेच झालं. मधल्या काळात, दोन आठवडे भरल्यावर, माभेले कामावर परतली होती, सही न करता; त्या रांगेनंतर तो कागद कुणी पुन्हा पुढे केला नाही. तिला पिठाच्या फळीवरून हलवून पावाच्या भट्टीशेजारी उभं केलं होतं, दुकानाच्या दुसऱ्या टोकाला. बायका पोतं ओढत तिथेही पोचायच्या. "माभेले, कामात आहेस? हे जरा वाच." पाव कापता कापता ती वाचायची.

तिसऱ्या महिन्यात पिठाच्या फळीवर छापील पाटी आली. मुख्य कचेरीने मंजूर केलेली, लांबलचक, पाल्हाळिक, पण खोसा भाषेत, आणि काठी टेकून उभ्या म्हातारीला दिसेल एवढ्या अक्षरांत. म्झ्वांदिलेने ती स्वतःच्या हाताने लावली आणि भट्टीकडे येऊन म्हणाला, "झालं समाधान?"

"दोन शब्द चुकलेत," माभेले म्हणाली. "आणि 'असू शकतं' अजून तसंच आहे. आहे की नाही, ते विचार त्यांना."

"माभेले, मला नोकरी करू द्या!"

"कर की. मीही करतेय."

'असू शकतं'चं उत्तर काही आलं नाही. तिने त्यासाठी पीठवाल्या गिरणीला तीन पत्रं पाठवली. एकाचीही पोच मिळाली नाही, आणि चौथं ती लिहिणार होतीच. पिठाच्या फळीवर मात्र तिला परत घेतलं नाही. त्याचं तिला खरंच वाईट वाटायचं. पाव हलका असतो, त्यात अंगाला काम नाही, असं ती सगळ्यांना सांगायची, म्झ्वांदिलेला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.