केसांतला बोंडूंचा वास

आमच्या ह्यांना वासाचं भारी वेड. ह्यांना म्हणजे गुरुदासना. नवऱ्याचं नाव घेतलं म्हणून काही जीभ झडत नाही माझी. लाटंबार्शाला आमची काजूची दारू गाळायची भट्टी आहे, पण हा माणूस भट्टी चालवतो की वास घेत हिंडतो, हा प्रश्न मला लग्नापासूनचा. सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला की हे अंगणात हजर. गरम उंडो, तो गोल पाव, फोडायचा, नाकाशी धरायचा आणि डोळे मिटून उभं राहायचं. तिकडे चहा थंड!

"अहो, खातलात की पूजा करतलात?"

"देवान तुका नाक कित्याक दिल्यान गो?" हे हसायचे.

संध्याकाळी मी बोंडू, म्हणजे काजूची पिकली फळं, वेचून घरी यायची. कंबर मोडलेली, हात चिकट. आणि हे माझ्या मागे येऊन वाकणार, "बोंडूंचो वास येता गो तुझ्या केसांक." असा संताप यायचा! मी तणतणत न्हाणीत जायची आणि साबण घासघासून केस धुवायची. तीस वर्षं धुतले.

गेल्या पौषात ह्यांना ताप आला. आठ दिवसांनी उतरला, मी देवाला नारळ ठेवला. त्यानंतर हे उंडो सरळ चहात बुडवून खायला लागले. मी म्हटलं, चला, आलं एकदाचं शहाणपण. मूर्ख मी, दुसरं काय?

मार्चात भट्टी पेटली. बोंडूंचा रस पिंपात तीन-एक दिवस आंबतो. फेस बसतो, वास फिरतो आणि नेमक्या त्या घटकेला रस तांब्याच्या भांड्यात चढवायचा. ती घटका ओळखावी तर ह्यांनीच. शेजारच्या भट्टीचे बाबुरावसुद्धा ह्यांना बोलावून नेतात. तर हे पिंपावर वाकले, डोळे मिटले, मान हलवली, "ऱ्हवांदे अजून एक दिवस." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. रस चढला तो सहाव्या दिवशी.

पहिल्या धारेची दारू, म्हणजे उर्राक, आधी राखणदाराला, आमच्या जागेच्या देवाला. काजूंच्या हद्दीवर झाडाखाली त्याची जागा आहे. ह्यांनी तिथे पेला ओतला, हात जोडले. मग बाबुरावांना दिला. त्यांनी घोट गिळला आणि म्हणाले, "बेस आसा." गुरुदासने दिलेला उर्राक वाईट आहे, असं कोण म्हणणार?

मी तेवढ्यात पेज घेऊन पोचले. लांबूनच नाकात झिणझिणलं.

"अगो बाय! हा तर विनागर झालाय! लोणचं घालताय की काय?"

बाबुराव खाली बघायला लागले. मला वाटलं हे आता खवळणार. हे खाली बसले.

"माका वास येणा नाय गो," हे म्हणाले. "तापापासून. कसलोच नाय."

दोन महिने! एका घरात राहून दोन महिने माझ्यापासून लपवलं! मी तोंड उघडणार, तोच हे त्या झाडाकडे बघत म्हणाले, "राखणदाराक बिघडलेला दिलंय मी." आणि ह्यांचे डोळे भरले. सासरे गेले तेव्हासुद्धा मी ह्यांना असं बघितलं नव्हतं.

डिचोलीच्या डॉक्टरांनी सांगितलं, वास परत येईलही, नाहीही येणार. ह्यांनी भट्टीची आग विझवायला घेतली. मी आडवी गेले. "तुमचं नाक नाही तर माझं घ्या!"

पुढच्या पिंपावर मी वाकले. "कसो येता?" हे विचारायला लागले. "पिकल्या केळ्यासारखो की फणसासारखो?"

"वास येतो तसा येतो, मेला!"

पण हे सोडेनात. शेवटी मी डोळे मिटले. गोडाच्या खाली काहीतरी होतं. माझ्या आईच्या आंबोळीच्या पिठाला रात्र सरता सरता यायचं, तसलं. मी तसं सांगितल्यावर हे म्हणाले, "चढव." तो उर्राक चांगला उतरला. ह्यांनी त्यातला पेला झाडाखाली ओतला आणि माफी मागितली.

आता सकाळी उंडो मी फोडते. वरचा पापुद्रा किती भाजलाय, आतून वाफ कसली येते, ते ह्यांना सांगते आणि मग हे खातात. तीस वर्षं हा माणूस रोज एवढं सुख घेत होता आणि मी चहा थंड होतो म्हणून ओरडत होते. हे अजून कापूर हुंगून बघतात, माझी पाठ वळली की. मला कळतं.

परवा माझी कंबर धरली होती, म्हणून मी बोंडू वेचायला गेलेच नाही. हे भट्टीवर होते. दुपारी मी सावकाश शाम्पू लावून केस धुतले. संध्याकाळी पायरीवर बसले होते तर हे आले, मागून वाकले.

"बोंडूंचो वास येता गो! सुविधा, नाक परत इला माझा!"

माझ्या काळजात लख्ख झालं. मग हात केसांकडे गेला. केस अजून ओलसर होते. खोटं मला सांगत होते की स्वतःला, देव जाणे. हे माझ्या तोंडाकडे बघत उभे होते.

"येतलोच," मी म्हटलं. "दिवसभर बोंडूच वेचलंय ना!"

आणि तणतणत न्हाणीत गेले, साबण घेतला, आणि धुतलेले केस पुन्हा धुतले.