चकची चावी

सबनीसांनी गॅरेजमध्ये हौसेखातर थाटलेलं वर्कशॉप रविवारी मला फिरवून दाखवलं. लेथ, ड्रिल, वेल्डिंगचं सामान, भिंतीवर उंचीप्रमाणे टांगलेल्या कानशी. एकीच्याही मुठीवर तेलकट बोटांचा डाग नव्हता. मी तीस वर्षं कारखान्याच्या लेथवर उभा राहिलो. माझ्या मालकीचा म्हणाल तर बाल्कनीतला, लोखंड आवळून धरायचा एक गंजका व्हाइस.

"कसं काय वाटलं?"

"झकास," मी म्हणालो. आत नुसती जळजळ.

"थांबा, चालूच करतो," म्हणत त्यांनी लेथच्या बटणाकडे हात नेला. लोखंडाचा तुकडा धरून फिरवणारा चक ज्या चावीने आवळतात, ती चावी चकमध्येच राहिली होती. यंत्र फिरलं की ती गोळीसारखी सुटते. क्षणभर वाटलं, सुटू दे. पण माझा हात मला विचारायला थांबलाच नाही. मत्सर करायला त्याला कुणी शिकवलेलंच नाही. त्याने चावी उपसली आणि कारखान्यातल्या सवयीने खिशात टाकली. सबनीसांना पत्ताही नाही.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. "चावी कुठे दिसली का हो? काम अडलंय."

"नाही बुवा."

आज चौथा दिवस. रोज तेलाचा बोळा फिरवून ती मी पुन्हा खिशात ठेवतो.