बाईंच्या उठाबशा

"बसायला काय, कोणीही बसतं. उठून दाखवा."

शाळेच्या मैदानावर बाई हे म्हणायच्या तेव्हा आम्ही मुली कान धरून उकिडव्या बसलेल्या असायचो. बाई आम्हाला पी.टी. शिकवायच्या. पांढरे कॅनव्हासचे बूट, पिना लावून घट्ट बसवलेली सुती साडी, गळ्यात शिट्टी. शिट्टी क्वचितच वाजायची, कारण आवाज पुरेसा होता. गणवेशाला इस्त्री नसली की दहा उठाबशा, रांगेत हसलं की वीस. उजव्या हातात डावा कान, डाव्या हातात उजवा. त्यातल्या पहिल्या दहा बाई स्वतः आमच्यासमोर काढायच्या, पदर खोचून आणि कान धरून. "मला झेपत नाही ती शिक्षा मी देत नाही," असं त्यांचं म्हणणं होतं. आम्हाला त्यात काही थोर वाटायचं नाही. बाईंच्या दहा झाल्या तरी आमच्या वीसच राहायच्या, एवढंच आम्हाला दिसायचं.

तुमच्याही शाळेत अशा कोणी बाई असतीलच. फक्त त्या पस्तीस वर्षांनी पेशंट होऊन तुमच्यासमोर आल्या नसतील.

कर्वेनगरात माझं फिजिओथेरपीचं छोटं क्लिनिक आहे. एका ऑगस्टमध्ये बाई तिथे आल्या त्या कामाच्या मावशींच्या दंडाला धरून. आधी डेंग्यू, त्यावर न्यूमोनिया, मग अठरा दिवस हॉस्पिटल. वय एकाहत्तर. अंगावरचा पंजाबी ड्रेस दुसऱ्या कोणाचा असावा इतका सैल झाला होता. पण मला त्यांनी दारातूनच ओळखलं.

"तू मागच्या रांगेतली ना? हसणारी?"

"हो बाई."

"डॉक्टर झालीस म्हणे. कमाल आहे."

मी त्यांना खुर्चीत बसायला आणि हात न टेकता उठायला सांगितलं. "एवढंच?" म्हणत त्या बसल्या. उठता काही येईना. दोनदा जोर केला, तिसऱ्यांदा कसनुसं माझ्याकडे पाहिलं. मी फाईलमध्ये डोकं घातलं.

"म्हण की," बाई म्हणाल्या. "ओठांवर आलंय तुझ्या."

"बसायला काय, कोणीही बसतं," मी म्हटलं.

"आगाऊपणा गेला नाही अजून." पण त्या हसल्या, आणि तिथून आमचं काम सुरू झालं.

खरी भानगड मावशींनी सांगितली. हॉस्पिटलमधून आल्यावर चौथ्या दिवशी बाई ओट्याखालचा कुकर काढायला उकिडव्या बसल्या आणि तशाच राहिल्या. आधी उकिडव्या, मग फरशीवर फतकल मारून. मावशी किल्लीने दार उघडून आत आल्या तोवर दीड तास झाला होता. बाईंचे यजमान कधीच गेलेले, एकुलता मुलगा बंगळूरला. त्याने फोनवर निकाल देऊन टाकला. दिवाळीला येतो, तुला घेऊनच जातो, फ्लॅट बंद करू. बाईंचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. म्हणजे मुलाचंही काही चुकत नव्हतं.

बाईंनी त्याला उलट अट घातली. "दिवाळीत तुझ्यासमोर तीन उठाबशा काढेन. पूर्ण खाली जाऊन, आणि हात कशालाही न लावता. काढल्या तर मी इथेच. नाही जमल्या तर बॅग तू भर."

मला न विचारता त्यांनी माझी पंच म्हणून नेमणूक केली.

आठवड्यातून तीनदा मी त्यांच्याकडे जाऊ लागले. आधी खुर्चीवर दोन उशा, मग एक उशी, मग नुसती खुर्ची. खुर्चीच्या खाली काय? मी लाकडी ठोकळे आणणार होते. "ठोकळे कशाला?" म्हणत बाईंनी पलंगाखालून दिवाळी अंक बाहेर काढले. वीसेक वर्षांचे, नीट जपलेले. पाटावर अंकांची चळत रचायची, ती घसरू नये म्हणून सुतळीने करकचून बांधायची, भिंतीला टेकवायची आणि तिच्यावर बसून उठायचं. चार दिवस नीट जमलं की एक-दोन अंक कमी करायचे. गंमत अशी की कमी केलेला अंक बाई त्या रात्री वाचून काढायच्या आणि पुढच्या वेळी मला अहवाल द्यायच्या.

"कालचा अंक अगदीच टुकार. कथा भिकार, कविता त्याहून भिकार. पण जाडी चांगली होती हो. मांड्या भरून आल्या."

दुसरी अडचण मात्र मला अगदी अनपेक्षित होती. पहिल्याच दिवशी मी "उठा" म्हटल्याबरोबर बाईंचे हात आपोआप कानांकडे गेले. उजव्या हातात डावा, डाव्यात उजवा.

"बाई, ही शिक्षा नाहीये. कान सोडा."

सोडले, तर शरीर जागचं हलेना. धरले की निदान हललं तरी. पस्तीस वर्षं रोज मुलींसमोर दहा-दहा काढून त्यांच्या पायांना उठण्याची एवढी एकच रीत ठाऊक होती. मी आठवडाभर वाद घातला. हात समोर लांब करा, छातीवर घ्या, मांड्यांवर ठेवा. बाई ऐकायच्या, प्रयत्न करायच्या आणि अर्ध्यात पुन्हा कान धरायच्या. शेवटी माझ्या लक्षात आलं, कान धरले की कोपरं पुढे येतात आणि वजनही पुढे येतं. उठताना नेमकं तेच हवं असतं. मी गुपचूप माघार घेतली.

"कळलं का?" बाई म्हणाल्या. "चांगली सवय लावली होती तुम्हाला. तुम्ही हसत बसलात."

सप्टेंबरच्या अखेरीला मला संशय आला. अंक तर कमी होत होते, चळत मात्र तेवढीच दिसत होती. मी टाचा जुळवून शेजारी उभी राहिले. आठवड्यापूर्वी चळत माझ्या पोटरीच्या मध्यावर होती, आणि आजही तिथेच. सुतळी सोडून पाहिलं तर दोन बारीक अंकांच्या जागी एक जाडजूड अंक बसलेला.

"बाई, ही कॉपी आहे."

"कॉपी नाही. विशेषांक आहे."

पी.टी.च्या बाईंना कॉपी करताना पकडण्याचा आनंद मी पुरता उपभोगणार होते. पण बाई पलंगावर बसल्या आणि पायांकडे बघत म्हणाल्या, "याच्या खाली गेलं ना, की ओट्याखालची फरशी समोर येते. दीड तास मी गॅसच्या नळीकडे बघत होते. पाय कोणा दुसऱ्याचेच असावेत तसे पडलेले. हाक मारायलाही लाज वाटली गं."

आयुष्यात पहिल्यांदा बाईंनी मला काहीतरी सांगितलं होतं, सुनावलं नव्हतं. मी जाडा अंक काढला, बारीक एकच परत लावला, सुतळी बांधली आणि त्यांच्यासमोर उभी राहून स्वतःचे कान धरले.

"पहिल्या दहा माझ्या," मी म्हटलं. "चला."

बाईंनी माझ्या दहा बारकाईने पाहिल्या. "ढोपरं कटकट वाजतायत तुझी," त्या म्हणाल्या आणि उठल्या.

ऑक्टोबरमध्ये शेवटचा अंक गेला, मग पाटही गेला. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी मी पंच म्हणून हजर झाले. मुलगा पंचेचाळिशीचा, भला माणूस. काळजीने कपाळावर आठ्या. बॅगा त्याने आधीच माळ्यावरून काढून ठेवल्या होत्या. बाईंनी ओढणी कमरेला बांधली आणि कान धरले.

पहिली सहज झाली. दुसरीला श्वास लागला. तिसरीला बाई खाली गेल्या आणि वर येताना मध्येच थांबल्या. मांड्या थरथरायला लागल्या. मुलगा पुढे सरसावला. माझाही हात नकळत पुढे गेला.

"हात मागे," बाई दातांवर दात ठेवून म्हणाल्या. "वर्गाबाहेर उभं करीन दोघांना."

आम्ही हात मागे घेतले. बाई तशाच थरथरत उभ्या राहिल्या, कान मात्र सोडले नाहीत. मग मुलाकडे वळून म्हणाल्या, "आता तू."

तो हसत हसत खाली बसला. दिवसाचे दहा तास खुर्चीत काढणारा माणूस. उठताना त्याने टेबल धरलं, टेबलासकट फराळाचं ताट हललं, आणि दोन लाडू गडगडत कोचाखाली गेले.

"बॅगा माळ्यावर ठेव," बाई म्हणाल्या. "आणि ते लाडूही काढ. मी वाकणार नाही. मी दमलेय."

दोन वर्षं बाई त्या तिसऱ्या मजल्यावर मजेत राहिल्या. मग मुलाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि बाई आपणहून बंगळूरला निघाल्या. दिवाळी अंकांचे गठ्ठे माझ्या क्लिनिकमध्ये आणून टाकले. मी म्हटलं, "एवढा हट्ट करून राहिलात, आणि आता निघालात?"

"तेव्हा मला उचलून नेणार होते. आता मी चालत जातेय," बाई म्हणाल्या. "त्याला उठता येत नाहीये. कोणीतरी शिकवायला हवं."

त्या परत आल्या नाहीत. गेल्या हिवाळ्यात तिकडेच, झोपेत गेल्या. मला चार दिवसांनी कळलं.

मार्चमध्ये मुलगा फ्लॅट रिकामा करायला आला तेव्हा क्लिनिकमध्ये डोकावला. पाटावर अंकांची चळत होतीच. एक आजोबा नुकतेच तिच्यावरून उठून गेले होते. तो तिच्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, "गुडघा कसा आहे? उठून दाखवा बघू."

त्याने चप्पल काढली. उजव्या हातात डावा कान धरला, डाव्या हातात उजवा. पूर्ण खाली गेला, क्षणभर थांबला आणि कशालाही हात न लावता उभा राहिला.

"रोज दहा," तो म्हणाला. "आधी ती काढायची."

त्याने अजून कान सोडले नव्हते. मी चष्मा काढून पुसला आणि परत घातला.

"डावा गुडघा आत जातोय," मी म्हटलं. "पुन्हा."