सोळा कामट्या

माप भरलं की मामा पायलीवरून तळहात फिरवत, आकडा पुकारत आणि दटावून विचारत, "ऐकू आलं का बे?" धारूरच्या बाजारातले ते मापाडी, माझे शेजारी. तुम्ही असा माणूस पाहिला असेल, तर ठाऊक असेल: मापाड्याचा आकडा ऐकू आला नाही, की देणाऱ्या-घेणाऱ्यांचं भांडण ठरलेलं.

तंबाखू-चुना त्यांच्या गालात कायम. तिथंच, दाढेमागं, गाठ झाली. मुंबईच्या दवाखान्यात ती कापली, वर रेडियमचा शेक दिला. जीव वाचला. घरी आल्यावर मामींनी जबड्याला फडकं बांधलं आणि तीन महिने पेज पाजली. "हलवू नका, जखम भरू द्या." आम्ही शेजाऱ्यांनी त्यांना शाबासकी दिली. त्यांत मीही होतो, हे सांगितलं पाहिजे.

फडकं सोडलं, तर तोंडात एक बोट जेमतेम जाई.

बीडचे डॉक्टर चिडले. "गाठ मागं, शेक चावायच्या स्नायूंवर, एवढ्यानंच जबडा आखडतो. वर तुम्ही तो बांधून ठेवलात!" दातांमध्ये बांबूच्या पातळ कामट्या एकावर एक धरायच्या, दिवसातून पाच वेळा, आणि हळूहळू त्यांची संख्या वाढवायची, असं त्यांनी सांगितलं.

नवी ज्वारी यायला चार महिने होते. तोवर आवाज फुटला नाही तर माप दुसऱ्याकडे, असं व्यापाऱ्यांनी ठरवलं.

पहिल्या दिवशी मी मोजल्या: सात. मामा ओट्यावर तशाच धरून बसत. एकदा तहसीलदारांची स्वारी गेली. मामांनी सलाम केला, पण दात विचकलेले.

"हसतो कावून बे?" शिपाई गरजला.

मामी आतून ओरडल्या, "हासत न्हाईत, डाक्टरचा हुकूम हाय!"

दुखतं म्हणून मामांनी एकदा कामट्या चुलीत घातल्या. मामींनी नव्या तासल्या. "गप असले की लई ग्वाड वाटता, पर पायली काय मी मोजू का?"

सोळाव्या कामटीवर गाडं थांबलं. धडधाकट माणसाच्या तोंडात शिरतात तशी तीन बोटं मात्र कधीच शिरली नाहीत. बाजाराच्या दिवशी खरेदीदार मुद्दाम बारा पावलं लांब उभा राहिला. मामांचा आवाज घोगरा, पण आकडा स्वच्छ. चाळीस मापं झाली, एकदाही त्यानं परत विचारलं नाही. व्यापाऱ्यांनी बोलावून ठेवलेला नवा मापाडी आपली पायली घेऊन परत गेला.

मामा-मामी दोघंही आता नाहीत. बाजाराच्या त्या संध्याकाळी मामांनी मापाईची, म्हणजे मोजणीबद्दल मिळालेली, ज्वारी मामींच्या पदरात ओतली.

"घे, तुजी मजुरी."

"मजुरी कशाची? तोंड बांदलं ते मीच."

मामांनी हात पुढं केला. "मंग निम्मी दे परत."

मामींनी पदर घट्ट धरला आणि सगळी ज्वारी आत नेली.